पडल्यानंतर पुन्हा उभं राहताना: डिमेन्शिया असलेल्या आजी-आजोबांना सावरायचं कसं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांना हे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवायचंय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, मधले "अं" आणि "म्हणजे कसं ना" तेवढे कमी केलेत.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता. आणि खरं सांगायचं तर तो माझ्याही घरातला आहे.

मागच्या वर्षी माझी आजी पडली. रात्री तीन-साडेतीनची वेळ. ती बाथरूमला जायला उठली, लाइट लावायचं विसरली, आणि दारातल्या पायपुसण्यावरून पाय सरकला. आजीला चार वर्षांपासून डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले, आणि प्रत्येकाचं वाक्य जवळजवळ एकच: "आता वय झालंय, त्यात डोकं असं. ती काय पुन्हा चालणार? पडून राहू दे शांतपणे."

हे वाक्य प्रेमापोटीच येतं, पण त्यातच सगळ्यात मोठं नुकसान आहे. ते का, हेच आज समजून घेऊया.

आपण एकटे नाही

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीनुसार, आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर लोकांमागे साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे. आकड्यात सांगायचं तर अंदाजे ८८ लाख लोक. आणि डिमेन्शिया असलेली माणसं त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा बरीच जास्त वेळा पडतात.

कारण डिमेन्शिया म्हणजे फक्त विसरणं नाही. अंतराचा अंदाज चुकतो. फरशीवरचा काळा पट्टा खड्डा वाटतो. चालताना बोललं की पाय अडखळतो, कारण मेंदूला दोन कामं एकदम झेपत नाहीत. त्यात झोपेच्या गोळ्या, कमी दिसणं, कमकुवत झालेले पाय. म्हणजे पडणं हा नुसता "निष्काळजीपणा" नसतो. म्हणून पडलेल्या माणसाला "सांगितलं होतं ना, एकटी उठू नकोस!" असं ओरडून काही उपयोग नाही. ते सांगितलेलं तिला आठवतच नाही.

पहिली दहा मिनिटं

पडल्याचा आवाज आला की आपण धावतो आणि काखेत हात घालून उचलतो. थांबा. लगेच उचलू नका.

आधी शेजारी जमिनीवर बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्यांना दिसेल. हळू आवाजात बोला. मग बघा: डोक्याला मार आहे का? रक्त येतंय का? एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय किंवा बाहेरच्या बाजूला वळलाय का? असं असेल तर खुबा मोडल्याची शक्यता मोठी. त्यांना हलवू नका, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा.

यातलं काही नसेल आणि त्या स्वतः हलत असतील, तर एक मजबूत खुर्ची आणा. आधी कुशीवर वळवा, मग रांगल्यासारखं गुडघ्यांवर, मग दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, एक पाऊल पुढे, आणि वर. मागे दुसरी खुर्ची तयार ठेवा. वजन त्यांनाच उचलू द्या, तुम्ही फक्त दिशा द्या. जमत नसेल तर ओढाताण करू नका, मदत बोलवा.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी डोक्यातला रक्तस्राव कधीकधी हळूहळू, काही आठवड्यांनी लक्षात येतो. झोप वाढली, उलट्या झाल्या, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर "डिमेन्शिया वाढला असेल" म्हणून सोडून देऊ नका.

"आजी आम्हाला ओळखतच नाही!"

खुबा मोडल्यावर सहसा ऑपरेशनच करतात, डिमेन्शिया असला तरी. कारण ऑपरेशनशिवाय दुखणं राहतं आणि माणूस गादीला खिळतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ऑपरेशन भरती झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं, आणि ऑपरेशननंतरच्या दिवशीच रुग्णाला उभं करायला सुरुवात करावी. प्रत्येकाची तब्येत वेगळी, हृदय-फुप्फुसाचे प्रश्न वेगळे, त्यामुळे निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. पण "डिमेन्शिया आहे" एवढंच कारण देऊन कुणी नाही म्हणत असेल, तर पुढचे प्रश्न जरूर विचारा.

आमच्याकडे ऑपरेशन नीट झालं. मग दुसऱ्या रात्री आजी सलाइनची नळी ओढायला लागली. छताकडे बघून कुणाशी तरी भांडत होती. सकाळी माझ्या बाबांना, स्वतःच्या मुलाला, म्हणाली, "तुम्ही कोण?" बाबा बाहेर जाऊन रडले. आम्हाला वाटलं, संपलं. डिमेन्शिया एका रात्रीत शेवटच्या पायरीवर गेला.

तसं नव्हतं. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं "वात झालाय" म्हणतात ते बऱ्याचदा हेच. फरक लक्षात ठेवा: डिमेन्शिया महिन्या-वर्षांत वाढतो, डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो. तो कमी-जास्त होत राहतो, सकाळी बरं आणि रात्री वाईट. लक्ष टिकत नाही. काही जण आरडाओरडा करतात, तर काही अगदी गप्प आणि झोपाळू होतात. हा गप्प प्रकार जास्त फसवा, कारण सगळ्यांना वाटतं, "चला, शांत आहेत."

डिलिरियमला कारण असतं आणि ते शोधता येतं. दुखणं, लघवी तुंबणं, पोट साफ न होणं, ताप किंवा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन औषध, झोप न होणं. म्हणून डॉक्टरांना नेमकं सांगा: "या परवापर्यंत अशा नव्हत्या. हा बदल अचानक झालाय." हे वाक्य तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, कारण वॉर्डातल्या डॉक्टरांनी परवाची आजी पाहिलेलीच नसते.

आणि यावरचे बरेच उपाय एकदम घरगुती आहेत. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनूये यांच्या गटाने सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. हे खुबा मोडलेले नव्हे, साध्या मेडिकल वॉर्डातले रुग्ण होते. त्यांनी काय केलं? दिवसातून अनेकदा वेळ-जागा सांगणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, पाणी पाजणं, लवकर चालवणं, आणि झोपेसाठी गोळीऐवजी गरम दूध आणि पाठीला मालिश. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्के. गरम दूध आणि पाठ चोळणं! आपल्या आज्यांनी आपल्यासाठी हेच केलं होतं ना?

इथे आपल्याकडची एक जमेची बाजू सांगतो. ब्रिटनमध्ये २०१४ साली "जॉन्स कॅम्पेन" नावाची मोहीम सुरू झाली. लेखिका निकी जेरार्ड यांच्या वडिलांना, डॉ. जॉन जेरार्ड यांना, डिमेन्शिया होता. हॉस्पिटलात असताना घरच्यांच्या भेटीवर बंधनं आली आणि ते झपाट्याने खालावले. जवळच्या माणसाला रुग्णासोबत राहू द्या, एवढीच त्या मोहिमेची मागणी. तिकडे यासाठी झगडावं लागलं, आणि आपल्याकडे रुग्णासोबत नातेवाईक असणं गृहीतच धरलेलं असतं. पण आपण तिथे बसून काय करतो? मोबाइल बघतो. मीही तेच करत होतो. त्याऐवजी चष्मा पुसून लावा, कवळी लावा, खिडकीचा पडदा उघडा, दर तासाला दोन घोट पाणी द्या, आणि रोज नवीन माणूस पाठवण्यापेक्षा ओळखीचे दोन-तीन चेहरेच आलटून-पालटून ठेवा.

दुखतंय हे त्या सांगणार नाहीत

"आजी, दुखतंय का?" "नाही." आणि वळवलं की कळवळून ओरडायच्या. डिमेन्शियात माणसाला दुखणं कमी होत नाही, ते शब्दांत मांडणं कमी होतं.

यासाठी डॉक्टर आणि नर्स वापरतात ती एक साधी पद्धत आहे, तिला पेनॅड म्हणतात. त्यात पाच गोष्टी बघतात: श्वास, तोंडातून येणारे आवाज (कण्हणं, तेच तेच ओरडणं), चेहरा, शरीर (मुठी आवळणं, ढकलणं), आणि समजूत घातल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. घरी तुम्ही मार्क नाही दिले तरी चालेल, या पाच गोष्टी बघायची सवय लावा. आणि बसलेलं असताना नाही, हलवताना बघा.

हे महत्त्वाचं का? कारण दुखत असेल तर त्या उभ्या राहणार नाहीत, आणि आपण म्हणू, "सहकार्य करत नाहीत." डॉक्टरांना विचारा की दुखण्याची गोळी मागितल्यावर द्यायची की ठरलेल्या वेळी. ज्यांना मागता येत नाही, त्यांना बऱ्याचदा ठरलेल्या वेळी देणंच बरं पडतं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असेल अशी वेळ जमते का, हेही विचारा.

"यांना काय शिकवणार आता?"

आता तो मुख्य मुद्दा. डिमेन्शिया असलेल्या माणसाला पडल्यानंतर पुन्हा चालवता येतं का?

फिनलंडमध्ये खुबा मोडलेल्या वृद्धांवर एक अभ्यास झाला, तो २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मध्यम डिमेन्शिया असलेल्यांपैकी ज्यांना वृद्धांच्या खास वॉर्डात कसून फिजिओथेरपी मिळाली, त्यांच्यातले ६३ टक्के तीन महिन्यांनी पुन्हा आपल्या घरी राहत होते. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण होतं १७ टक्के. गट लहान होता, हे मान्य. पण "यांना काही उपयोग नाही" हे म्हणणं खोटं ठरवायला तो पुरेसा आहे.

आणि पडून राहण्याची किंमत काय? २००७ साली आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात अगदी धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांसल वजन घटलं. हे निरोगी माणसांचं, बरं का. आजारी, अर्धपोटी, ८० वर्षांच्या आजीचं काय होत असेल? वर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताची गुठळी. "शांतपणे पडून राहू दे" यात शांत काहीच नाही.

पण ज्याला काल सांगितलेलं आज आठवत नाही, तो शिकतो कसा? कारण आठवणी एकाच डब्यात नसतात. काल काय झालं ही एक आठवण. सायकल चालवणं, भाकरी थापणं, खुर्चीतून उठणं ही दुसरी. हाता-पायांची आठवण म्हणा. डिमेन्शियात पहिली लवकर जाते, दुसरी बराच काळ टिकते. सावरण्याचं सगळं काम या दुसऱ्या आठवणीला धरून करायचं.

मग करायचं कसं?

माझी चूक आधी सांगतो. फिजिओताईंनी आठ व्यायाम लिहून दिले. मी रोज आजीसमोर कागद घेऊन बसायचो. "आजी, पाय सरळ. दहा वेळा. काल केलं होतंस ना? आठवतंय का?" आजी चिडायची, तोंड फिरवायची. चौथ्या दिवशी तिने माझ्या हातावर चापट मारली.

मग फिजिओताईंनी विचारलं, "पडायच्या आधी त्या दिवसभर काय करायच्या?" आई म्हणाली, "काही नाही हो. सकाळी तुळशीला पाणी, आणि दुपारी भाजी निवडायच्या." ताई म्हणाल्या, "मग हेच व्यायाम."

दुसऱ्या सकाळी आई हातात तांब्या घेऊन गेली. "अहो आई, तुळशीला पाणी घालायचं राहिलंय." आजीने आईकडे बघितलं, मग तांब्याकडे. आणि खुर्चीचे हात धरून पुढे वाकली. त्या दिवशी ती फक्त उभी राहिली, चार सेकंद असेल. तुळस आठ पावलांवर होती. तिथे पोचायला आम्हाला तीन आठवडे लागले.

तर यातून जे शिकलो ते असं:

• व्यायाम म्हणू नका, काम म्हणा. ओट्याला टेकून उभं राहून कपड्यांच्या घड्या, दारापर्यंत पेपर आणायला, देवासमोर दिवा लावायला.

• एका वेळी एकच सूचना. "पुढे वाक." थांबा. मनात दहापर्यंत मोजा. मग पुढची. दोघांनी एकदम बोलू नका, टीव्ही बंद ठेवा.

• सांगण्यापेक्षा दाखवा. समोर बसून तुम्ही उठून दाखवा.

• चूक होऊ देऊन मग सुधारू नका, आधीच हाताने योग्य जागा दाखवा. चुकीची कृतीही हाता-पायांच्या आठवणीत बसते. म्हणून रोज तीच खुर्ची, तीच वेळ, तेच शब्द. घरातल्या सगळ्यांनी.

• "आठवतंय का?" हा प्रश्न बंद. ती परीक्षा असते, आणि त्या नापास होतात.

• नको म्हणाल्या तर सोडून द्या आणि अर्ध्या तासाने नव्याने या. दिवसातून पाच-पाच मिनिटं चार वेळा, हे सलग वीस मिनिटांपेक्षा बरं.

• हात धरून ओढू नका. बाजूला उभं राहा, एक हात कंबरेमागे. फिजिओंकडून हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, नाहीतर तुमची कंबर जाईल.

• लय वापरा. आमच्या आजीला भजनाची सवय. टाळ वाजवला की पाऊल आपोआप उचलायची. तुमच्याकडे जुनी सिनेमाची गाणी चालतील.

वॉकरबद्दल एक. नवीन वॉकर ही त्यांच्यासाठी अनोळखी वस्तू असते. कोपऱ्यात ठेवला तर तो नाहीच. डोळ्यांसमोर, हाताला लागेल असा ठेवा आणि दांड्याला लाल किंवा पिवळी पट्टी गुंडाळा. आणि खाण्याकडे लक्ष द्या: अंडं, डाळ, दूध, पनीर, जे चालतं ते, पण थोडं थोडं आणि वारंवार. किडनीचा आजार असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून.

पुन्हा पडू नये म्हणून

घर बदला, पण फार नाही. पायपुसणी, सतरंजीचे कोपरे, चार्जरच्या वायरी काढा. मोरीत आणि संडासात धरायला दांडे लावा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. पांढऱ्या संडासात पांढरी सीट दिसत नाही, वेगळ्या रंगाची लावा. पायरीच्या कडेला गडद पट्टी. सटकणाऱ्या सपातांऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल. साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर. पण कपाट-पलंगाची जागा हलवू नका, ती जागा त्यांच्या पायांना पाठ असते.

रात्री पडण्याचं मोठं कारण म्हणजे घाईची लघवी. झोपण्याआधी आणि ठरलेल्या वेळी स्वतःहून घेऊन जा.

डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की विचारा. एक, सगळ्या गोळ्यांची यादी पुन्हा बघाल का? झोपेच्या, सर्दी-खोकल्याच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनी गोंधळ आणि तोल जाणं वाढतं. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. दोन, हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करायचंय का? साधं पडून खुबा मोडला म्हणजे हाडं कमकुवत आहेत. तीन, उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो का?

एका श्रोत्याचा प्रश्न

नागपूरहून एका मित्राने विचारलंय: "आजोबा सतत उठायला बघतात, पडतील म्हणून आम्ही दुपट्ट्याने खुर्चीला बांधतो. चुकीचं आहे का?"

मित्रा, भीती समजते. पण बांधल्याने माणूस आणखी घाबरतो, सोडवायला धडपडतो, त्यात इजा होते, आणि पाय तर रोज कमकुवत होतात. ते का उठतात ते शोधा. लघवी? भूक? दुखणं? "कामावर जायचंय" असं वाटतंय? कारण मिळालं की निम्मं काम होतं. उरलेलं काम म्हणजे त्यांना दिवसातून ठरवून चालवणं. धोका शून्य होणार नाही. थोडा धोका पत्करून चालणारा माणूस की सुरक्षित पण गादीला खिळलेला, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून, उघड बोलून ठरवायचं असतं.

आणि सांभाळणारे

आमच्या घरात हे सगळं शेवटी आईच्या अंगावर आलं. मी आणि ताई "काही लागलं तर सांग" म्हणायचो. आई कधीच सांगायची नाही. मग आम्ही वाटणी केली: सकाळचं तुळशीपर्यंत चालणं माझं, शनिवार-रविवारच्या रात्री ताईच्या. ऐकणाऱ्यांमध्ये बरेच जण माझ्याच वयाचे आहेत, म्हणून सांगतो: "काही लागलं तर सांग" म्हणू नका. एक काम उचला आणि ते रोज करा.

ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन, १४५६७ वर सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. आणि सांभाळता सांभाळता तुमचंच मन थकलं असेल तर टेलिमानस, १४४१६. दोन्ही मोफत आहेत, आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.

आज आमची आजी कशी आहे? पूर्वीसारखी नाही. बाहेर अंगणात एकटी जात नाही, बाबांचं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण सकाळी वॉकर धरून आठ पावलं चालते आणि तुळशीला पाणी घालते. कधी घातलेलं विसरते आणि परत घालते. तुळस जरा जास्तच ओली असते आमची.

चला, भेटूया पुढच्या भागात. तुमच्या घरात कुणी नुकतंच पडलं असेल, तर हा भाग आज रात्री घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ऐका. काळजी घ्या.